दाराखालची तीन भोकं

मला पहिल्यांदा खटकलं ते हे, की पप्पांनी सीलंटची गन वहिनीच्या हातात दिली. सातपूरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून पप्पा आमची जुनी गाडी नव्यासारखी करताहेत. पत्र्यांच्या सांध्यांत सीलंट भरलं की पाणी शिरत नाही, गंज चढत नाही. खरं तर हे काम मी मागितलं होतं. पण पप्पा म्हणाले, "तू कुकरच्या शिट्टीला दचकतेस, तुझी रेघ सरळ कशी येणार?" आणि सहा महिन्यांपूर्वी घरात आलेल्या वहिनीची रेघ बघून म्हणाले, "वा! हात आहे हिचा."

माझा नुसता जळफळाट. दुसऱ्या दिवशी घरी कोणी नसताना मी तिचं काम तपासायला गेले. गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला तीन बारीक भोकं तिने तशीच सोडलेली! मी खुशीत बुजवून टाकली. संध्याकाळी सीलंट वाळल्यावर गाडीवर पाइपने पाणी मारलं आणि दार उघडलं, तर दाराच्या पोकळीत पाणी डुचमळलं.

काचेच्या फटीतून दारात गेलेलं पाणी त्याच भोकांतून बाहेर पडतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. पप्पा तासाभरात येणार होते. दादाला फोन लावला, त्याने उचलला नाही. शेवटी नाइलाजाने वहिनीला लावला. दोनदा नुसताच वाजला. तिसऱ्यांदा तिने उचलला.

"वहिनी, दारात पाणी..."

"भोकं बुजवलीस ना?" ती हळूच म्हणाली. "स्क्रूड्रायव्हरने मोकळी कर. मी बुजवली होती तेव्हाही पप्पांना कळलं नव्हतं."