हलवून घ्यायचं औषध

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले वैद्यकीय अधीक्षक माननीय डॉ. विरूपाक्ष बिराजदार साहेब, प्रमुख पाहुणे ईश्वरप्पा अण्णा, आज सेवानिवृत्त होणारे आपले औषधनिर्माण अधिकारी गफूरभाई, वहिदाभाभी, आणि ओपीडी कशीबशी आटोपून इथं टेकलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार, आदाब आणि जयभीम.

मी बालकक्षातली महामाया सिस्टर. रात्रपाळी करून घरी न जाताच थांबलेय. एखादं वाक्य अर्धं राहिलं, तर थकवा समजा.

आधीच्या वक्त्यांनी गफूरभाईंच्या बोलण्याच्या सवयीची गंमत केली. आपण हसलो. मला त्याच सवयीबद्दल सांगायचंय.

औषधाच्या खिडकीवर त्यांचे दोन काचेचे पेले असायचे. सकाळी एकात साखर ढवळायची, दुसऱ्यात हळद. दुपारपर्यंत साखरेचं पाणी वरपासून खालपर्यंत सारखं गोड, हळद मात्र तळाशी. लेकराचं औषध न्यायला आलेल्या प्रत्येकाला ते विचारायचे, "सांगा, तुमची दवा यातली कोणती?" उत्तराची वाट न बघता पुढं चालू. "पाण्याला बारीक हात असतात बघा. साखरेच्या कणालाबी हात हायत. एकमेकांचे हात धरले की साखर पाण्यासंगं निघाली. हळदीला धरायला जागाच लई कमी. मग ती आपल्याच लोकांत खाली बसून राहते. असली दवा दर टायमाला हलवूनच द्यायची."

मागं रांग केसपेपरच्या खिडकीपर्यंत. "ओ चाचा, दवा देता का शाळा भरवता?" "मामा, माझी नायगावची बस सुटून राहिली!"

"बस दुसरी येईल. लेकरू दुसरं आणशील का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

तीन वर्षांपूर्वी आपण कर्मचाऱ्यांनी त्या रांगेबद्दल अर्ज केला. अक्षर चांगलं म्हणून तो मी लिहिला, आणि नेऊनही मीच दिला. तेव्हाच्या अधीक्षकांनी माझ्यासमोरच गफूरभाईंना बोलावलं आणि तोंडी हुकूम दिला, "औषध द्या, भाषण नको." गफूरभाईंनी पेले धुऊन कपाटात ठेवले.

दोन महिन्यांनी पंढरी आला. अर्धापूरकडं केळीच्या बागेत कामाला असणारा माणूस. त्याच्या प्रीतमला, सात वर्षांच्या पोरीला, फिट येत होत्या. खिडकीवरून बाटली मिळाली, माप सांगितलं गेलं, बाकी काही नाही. पहिले काही आठवडे औषध चालू असूनही फिट थांबेनात. मग बाटली संपत आली तशी पोर झोकांड्या खायला लागली. उलट्या, डोळे भिरभिरलेले. पंढरीनं तिला खांद्यावर टाकून माझ्या वॉर्डात आणलं.

गफूरभाई जिना चढून वर आले. बाटली उजेडात धरली. तळाशी उरलेलं औषध पिठल्यासारखं घट्ट.

"हलवत होतास का रे?"

"न्हाई साहेब. हलवली की फेस येतो, माप चुकतं. बाटली जागची हलू न्हाई म्हणून फळीवर चिंध्यांत बसवून ठेवली होती. वततानाबी हात थिर ठेवला."

म्हणजे आधी वरचं नुसतं पातळ पाणी, आणि शेवटी साचलेलं औषध एकदम. बाटलीवर सूचना होती. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. इतक्या काळजीनं चूक करणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. त्याला मी काय म्हणणार होते? आणि कोणत्या तोंडानं?

प्रीतम सहाव्या दिवशी सरळ चालली. चौकशी झाली. हलवायला का सांगितलं नाही, असं गफूरभाईंना विचारलं. तोंडी हुकुमाचा कागद नव्हता. ते एवढंच म्हणाले, "सांगायला पाहिजे होतं. माझंच चुकलं." सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली.

मी त्याच खोलीत केसपेपर हातात धरून उभी होते. बदलीची भीती होती, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. कारणं खरी होती. पण बोलले असते, तर ती ताकीद लागली नसती, हेही खरंच आहे.

नंतर गफूरभाई जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "सिस्टर, अर्ज सुवाच्य होता हां. डॉक्टर लोकांचं वाचून डोळे गेले, तुमचं वाचून बरं वाटलं." हा टोमणा होता की माया, मला अजून ठरवता आलेलं नाही.

वहिदाभाभी, रडू नका. मला पुढं बोलता येणार नाही.

बिराजदार साहेब, हा माझा जबाब. तो हुकूम माझ्यासमोर दिला गेला आणि अर्ज माझा होता, असं सहीनिशी लिहिलंय. गफूरभाई आज कार्यालय सुटेपर्यंत सेवेत आहेत. आत्ता सव्वाचार झालेत. आस्थापनेचे नरसिंगभाऊ समोरच बसलेत, ती ताकीद रद्द करायला सेवापुस्तक त्यांच्या टेबलावर आहे. हार-शाल थोडी थांबली तरी चालेल.

आपण मला बोलू दिलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहानं पदरात घ्यावं. त्या दिवशी न बोलण्यात जे झालं, त्याची माफी मात्र मी एकट्या गफूरभाईंकडं मागते. ती त्यांनी दिलीच पाहिजे असं नाही.

नरसिंगभाऊ, उठता ना?