मास्तरांची पुरवणी

— छे हो, माईक बिघडलेला नाही, तो सुरुवातीला असाच खाकरतो. आमच्या वाचनगृहात माईकपासून माणसांपर्यंत नोव्हेंबरात सगळ्यांचा घसा बसलेला असतो. बसा तुम्ही निवांत. प्लेव्हेनची बस चुकली म्हणालात ना? मग बाहेर त्या थांब्यावर गारठण्यापेक्षा इथं बरं — ऊब आहे, फुकट आहे, आणि झालंच तर ज्ञान. ज्ञानाची सक्ती नाही. मी इतकी वर्षं येते, मला कुणी एकदाही विचारलं नाही की दाफिनाबाई, काय शिकलात म्हणून. दर गुरुवारी व्याख्यान. विषय कुठलाही — झोर्नित्सा म्हणून आमची चिटणीस आहे, ती बघा, पडद्याशी झटापट करतेय ती — तिला जो सापडेल त्याला ती धरून आणते. नवरा गेला त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा आले, तेव्हा विषय होता ‘नासपतीच्या झाडावरचे रोग’. माझ्याकडे नासपतीचं झाड नाही. कुठलंच झाड नाही, तिसऱ्या मजल्यावर राहते मी! पण घरी बसून करायचं काय? घरात बोलणारा एक फ्रीज, आणि तोही मधूनच गुरगुरतो नि गप्प होतो, अगदी माझ्या नवऱ्यासारखा, पेंचोसारखा. म्हटलं चला, नासपती तर नासपती.

आणि मग चटक लागली हो. थ्रेसियन राजांची थडगी — ऐकली. मधमाश्यांचं राज्यशास्त्र — ऐकलं. एक दाढीवाला अंटार्क्टिकाला जाऊन आला होता, त्यानं पेंग्विन दाखवले, पण झोर्नित्सानं चित्रं उलटी लावली होती, सगळे पेंग्विन छताला लटकलेले वटवाघळांसारखे, आणि कुणी काही बोलेना, वाटलं तिकडं पृथ्वीच्या बुडाशी तसंच असेल! शेवटी ल्यूबेन मास्तर उठले. ते भूगोलाचे मास्तर — निवृत्त, पण भूगोल कुठं निवृत्त होतो? उठले, कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, “मला प्रश्न नाही, एक छोटीशी पुरवणी आहे.”

हसू नका. म्हणजे हसा, सगळेच हसतात. प्रत्येक व्याख्यानानंतर मास्तरांची पुरवणी. छोटीशी म्हणायचे, पण तेवढ्यात बाहेर बर्फ पडून वितळायचं. पेंग्विनावरून सुरू व्हायचे ते लष्करात असताना त्यांच्या बुटाला पडलेल्या भोकापर्यंत यायचे. आणि गंमत म्हणजे व्याख्यानभर हा माणूस झोपलेला असायचा! तेव्हा आमची काही ओळख नव्हती. चिडायचे मी त्यांच्यावर. गिंकाला म्हणायचे — गिंका माझी मैत्रीण, ती पुढच्या रांगेत जांभळ्या टोपीची, आज मुद्दाम पुढं जाऊन बसलीय, तोंड नीट दिसावं म्हणून — कुणाचं तोंड ते जाऊ द्या — गिंकाला म्हणायचे, या माणसाला कुणी तरी कुलूप घाला.

मग ओळख कशी झाली? मुतखड्यानं. खरं सांगते. विषय होता ‘मुतखडा आणि आपण’. डॉक्टर मोठा हौशी. आयुष्यभर लोकांचे काढलेले खडे त्यानं बशीत मांडून आणले होते — पिवळे, करडे, खडबडीत, एकेकाकडं असा मायेनं बघत होता की काय सांगू! म्हणाला, बशी फिरवा, बघा, हात लावू नका. उजवीकडून निघाली त्याची बशी. आणि डावीकडून त्याच वेळी गिंकाची बशी निघाली, साखरफुटाण्यांची, तिच्या नातीचं बारसं झालं होतं. कळलं ना पुढचं? मधोमध मास्तर. डोळे मिटलेले. समोर बशी आली तशी डोळे न उघडता एक उचलला नि तोंडात टाकला — आणि कडाड! माईक नव्हता, तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. डॉक्टर धावत आला. मला वाटलं दात बघायला. तो ओरडतोय, “अहो, थुंका! तो माझा सगळ्यात सुंदर नमुना, तो आपल्या माजी नगराध्यक्षांचा!” मास्तर दचकले नि गिळून बसले. तेव्हापासून गावात म्हणतात, मास्तरांच्या पोटात अर्धी नगरपालिका आहे.

लोक हसून लोळत होते, पण मी उठले. मी दंतवैद्याकडे परिचारिका होते ना, आयुष्य गेलं दुसऱ्यांच्या तोंडात बघण्यात. हनुवटी धरली, म्हटलं “आ करा.” वरची दाढ, सरळ दुभंगलेली. रुमाल दिला, म्हटलं चावून धरा, चला माझ्याबरोबर. आणि हा माणूस, तोंडात रुमाल, गाल सुजलेला, दाराशी थांबतो नि डॉक्टरकडे वळून म्हणतो, “मवा फ्रश्न नाही, एक फोटीशी फुरवनी —” मी दंडाला धरून बाहेर ओढला.

पुढच्या गुरुवारी बघते तर माझ्या शेजारच्या खुर्चीवर त्यांची टोपी. मग झालं तसंच रोजचं. म्हणजे रोजचं नाही, गुरुवारचं. व्याख्यान सुरू झालं की मास्तर झोपायचे. संपत आलं की मी कोपर मारायची आणि दोन वाक्यांत सांगायची, काय झालं ते. “फिनिशियन होते. जहाजं होती. जांभळा रंग विकायचे, आता नाहीत.” तेवढ्यावर माणूस उठून पुरवणी जोडायचा! आणि फार लांबली की मी मागून कोट ओढायची नि हळूच म्हणायची, “मास्तर, यात प्रश्न कुठाय?” की ते बसायचे. आज्ञाधारक हो. झोपेत डोकं कधी कधी माझ्या खांद्यावर यायचं, मी काढायची नाही — व्याख्यानात उगाच हालचाल नको, बोलणाऱ्याचं लक्ष जातं. त्यासाठी. अहो, त्यासाठीच! तुम्ही असं बघू नका, गिंका अगदी असंच बघते.

तर मग ऑक्टोबरात राजधानीतून, सोफियाहून, एक मुलगी आली. मानसशास्त्र शिकलेली, गोड होती, पण विषय काय, तर ‘उतारवयातला एकटेपणा’. सभागृह गच्च. आणि ती विचारते, “तुमच्यापैकी किती जण इथं केवळ घरी बसवत नाही म्हणून येतात? हात वर करा.” एक हात वर नाही! आमच्या गावात एकटं कुणी नाहीच, सगळे छताकडं बघतायत, मी तर पर्समध्ये गोळी शोधायला लागले. कसली गोळी? कसलीच नाही. आणि मास्तर त्या दिवशी झोपले नव्हते. मी दोनदा पाहिलं, टक्क जागे. म्हटलं यांना ताप आहे.

उठले. बटणं लावली. “मला प्रश्न नाही, एक छोटीशी पुरवणी आहे.” लोक हसले, नेहमीसारखे. म्हणाले, “मी इथं आजवर एकही व्याख्यान ऐकलेलं नाही. मला थडगी माहीत नाहीत, मधमाश्या माहीत नाहीत. मला दाफिनाबाईंनी सांगितलेलं तेवढं माहीत आहे, आणि तेवढं पुरतं. पण ते गुरुवारी मिळतं. घरी गेलो की दिवसभर मी मनातल्या मनात त्यांना काय काय सांगत बसतो. चहा उतू गेला, तर सांगतो. आणि मग मला हे मधले वार नको झालेत हो. हे मधले वार —” आणि थांबले. हा माणूस थांबला! आयुष्यात पहिल्यांदा कुणी कोट न ओढता.

आणि मी — आता काय सांगू — सगळं सभागृह माझ्याकडं बघतंय, कान तापलेले, आणि तोंडाला ज्याची सवय होती तेच बाहेर पडलं. “मास्तर, यात प्रश्न कुठाय?” आणि ही झोर्नित्सा, देव तिचं भलं करो, नेमका त्या क्षणी माईक माझ्या तोंडाशी घेऊन आलेली! भिंतींवरून आवाज घुमला. जे हसले लोक, जे हसले! मुतखड्यालाही इतके हसले नव्हते. मास्तर म्हणाले, “खरंय. प्रश्न नाही यात.” टोपी उचलली नि गेले.

मग नाहीच आले. पुढच्या गुरुवारी अळिंब्यांवर व्याख्यान होतं. संपल्यावर तो बिचारा व्याख्याता म्हणाला, कुणाला काही विचारायचंय? आणि अख्खं सभागृह वळून माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतंय. त्या माणसाचं तोंड एवढंसं झालं. मग मीच उठले, म्हटलं, विषारी अळिंबी ओळखायची कशी? तो म्हणाला, “खाल्ल्यावर कळते.” बसले. कोपर मारायला कुणी नाही, सांगायला कुणी नाही, दोन वाक्यं तयार होती माझी, ती तशीच घरी घेऊन गेले. फ्रीजला सांगितली.

एकदा गेले होते मी मास्तरांकडे. मुरांबा घेऊन, बिहीच्या फळांचा. फाटकाशी कुत्रं होतं, म्हणून परत आले. म्हणजे — बांधलेलं होतं. म्हातारं पण आहे जरा, शेपूट हलवत होतं. पण कुत्र्याचा काय भरवसा! आणि जाऊन म्हणायचं काय? माणसानं विचारलेलंच नाही, तर मी उत्तर कशाचं देणार? उत्तर? मी उत्तर म्हटलं का? मुरांबा म्हणाले मी, मुरांबा!

आणि मग सोमवारी बघते तर बाहेर फलक. तुम्ही आत येताना वाचला नाहीत? ‘ल्यूबेन सिमितचिएव, निवृत्त भूगोल शिक्षक. विषय: प्रश्न कसा विचारावा.’ गिंका म्हणते, हा तुझ्यावर सूड. चारचौघांत तुझे वाभाडे काढणार, येऊ नकोस. मी म्हटलं का नाही यायचं? विषय शैक्षणिक आहे. प्रश्न कसा विचारावा हे सगळ्यांनाच कळायला हवं. बघा ना, एरवी निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आज पाववाला दुकान बंद करून आलाय, दोन बायका घरून चीज भरलेली बानित्सा भाजून घेऊन आल्यात, जशी काही जत्रा! कुणाला काही काम नाही या गावात. केस? नाही हो, केस मी दर नोव्हेंबरला रंगवते. आणि ही कर्णफुलं रोजचीच आहेत. रोज म्हणजे काढून ठेवलेली असतात रोज. सूड घेणार असतील तर घेऊ देत, निदान नीट दिसावं माणसानं. हात गार पडलेत माझे, बघा, बर्फ. ऊब नाहीच आज इथं, झोर्नित्सानं शेगडी —

आले. ते बघा. बाजूच्या दारानं. वाळलेत. कोटाचं एक बटण चुकलंय वाटतं, खालचं वर गेलंय, कुणी सांगणारं नाही ना. कागद नाही हातात. श्श, तुम्ही किती बोलता हो! ऐकू द्या. काय म्हणाले? “प्रश्न विचारण्याचा पहिला नियम — तो छोटा असावा.” बरोबर आहे. हे मीच सांगितलेलं. “दुसरा नियम — ज्याला विचारायचा त्याच्याकडं बघून विचारावा.” इकडं बघतायत का? तुमच्याकडं की माझ्याकडं? मागं कुणी आहे का माझ्या? भिंत आहे. “तिसरा नियम मला माहीत नाही, म्हणून मी सरळ उदाहरणच —”

हो!

अहो, तुम्हाला नाही, त्यांना म्हणाले. काय म्हणता, त्यांनी अजून विचारलंच नाही? विचारू देत की मग, मी कुठं नाही म्हणतेय, कुणाला इतका धीर आहे! ते बटण आधी नीट लावायला हवं. काय बघत बसलात — पाय घ्या जरा आत, मला पुढं जायचंय.