हातावरचं दही

मंडळी, एक सांगा मला. पाहुणा आणि घरचं माणूस, फरक काय? मागून उत्तर आलं — पाहुण्याला कपबशी, घरच्याला पेला! बरोबर! पखवाजवाले जोरात हसले, म्हणजे त्यांना घरी पेलाच मिळतो. पण माउली, एवढाच फरक? परकं लेकरू घरात आणलं, पोटभर जेवू घातलं, गादीवर निजवलं, की झालं ते घरचं? नसेल, तर कशानं होतं? ऐका!

आजऱ्याकडच्या एका गावात हौसाक्का म्हणून बाई. नवरा केरबा, दारात दोन म्हशी, लेक लग्न होऊन गेलेली. घर कसं खायला उठायचं. शेजारच्या गावात समीक्षा नावाची पोर, आठवीतली. वडील नाहीत, आई आजारी, लांबच्या दवाखान्यात. आई बरी होईपर्यंत कुणीतरी सांभाळायला हवं होतं. दत्तक नव्हे हं! सरकारी शब्द आहे 'प्रतिपालक'. उच्चारायला अवघड, निभवायला त्याहून. हौसाक्का म्हणाली, "मी सांभाळते." बालकल्याणच्या मॅडम घर बघून गेल्या, आणि पोर आली. शाळा तीच, मैत्रिणी त्याच, उंबरा तेवढा नवा.

आणि काय थाट ठेवला म्हणता! तव्यावरची पहिली भाकरी तिला, दुधावरची साय तिला. ताट उचलायला लागली की, "राहू दे बाळ." उशिरा उठली तरी चकार शब्द नाही! केरबानं चहा सांडला तर मात्र त्याचं सगळं खानदान उद्धरायची. चूक कळली का कुणाला? हौसाक्कालाही कळली नव्हती. दुसऱ्याची पोर, आधीच दुःखात आहे, तिला दुखवायला नको, एवढंच त्या बाईच्या मनात. आणि पोर काय करायची? कपडे पिशवीतच ठेवायची. धुवायची, वाळवायची, घडी करून परत पिशवीत, आणि पिशवी खुंटीला!

आली परीक्षा. सकाळी पोर निघाली. आता आपल्याकडे शुभ कामाला निघालेल्या माणसाला काय देतात? दही! हौसाक्कानं मुद्दाम घट्ट विरजण लावलेलं. साखर घातली, हातावर ठेवलं, म्हणाली, "जा बाळ, सगळं चांगलं होईल." पोरीनं ते खाल्लं, वाकून पाया पडली. हौसाक्काला भरून आलं. आपली लेक अशीच पाया पडायची!

पोर दप्तर भरत होती, तोवर हौसाक्का डेअरीला दूध घालून आली, बघते तर खुंटी मोकळी. कपड्यांची पिशवी नाही! केरबा शाळेत पळाला. पोर पेपरला बसलेलीच नाही. कुणी म्हणालं, एसटीत चढताना बघितली. हौसाक्का मोकळ्या खुंटीकडं बघत म्हणाली, "काय कमी केलं ओ आपण तिला?" तेवढ्यात मॅडमचा फोन.

"घाबरू नका, समीक्षा इथं कोल्हापुरात, आमच्या ऑफिसात आहे. एकटीच आली आणि बाकावर बसून विचारते, 'मला आता पुढं कुठं पाठवताय?'"

मंडळी, पोरीनं मॅडमना सगळं सांगितलं होतं. आई आजारी पडल्यावर पोर आधी मामीकडं राहिली. एका सकाळी मामीनं हातावर दही ठेवलं आणि आत्याकडं धाडलं. आत्यानं दही ठेवलं आणि मावशीकडं! दही मिळालं की पिशवी उचलायची, हे ती पोर शिकली होती. म्हणून या वेळी कुणी सांगायच्या आत तीच निघाली, कुणाला अवघड वाटायला नको म्हणून. काय वय, आणि काय ही समज!

नवराबायको मिळेल त्या गाडीनं कोल्हापूर गाठतात. हौसाक्काला वाटेत रडू आवरेना. मनाशी ठरवत होती, पोरीला जवळ घ्यायचं, गोड बोलायचं. ऑफिसात शिरली. बाकावर पोर, मांडीवर पिशवी. आणि हौसाक्काच्या तोंडून निघालं काय?

"पेपर बुडवलास? सांगून जायला तोंड नव्हतं तुला? हितं माझा जीव जायची पाळी आली! आणि आज म्हशी कुणी सोडायच्या, तुझ्या काकानं? चल घरी, उद्यापासनं गोठ्यातलं शेणघाण तुझ्याकडं!"

मॅडम घाबरल्या. "अहो मावशी, एवढं रागावू नका तिच्यावर."

पोर डोळे पुसत म्हणाली, "रागवू द्या मॅडम. न्यायला आल्यात त्या मला."

मिळालं उत्तर? पाहुण्यावर कुणी रागावत नाही, बाबांनो. चुकून दुखावला तर तो निघून जाईल, ही भीती असते. घरच्यावर रागावतो, कारण रात्री ते आपल्याच ताटाला ताट लावून जेवणार, ही खात्री असते! पुढं आई बरी झाली, पोर आईकडं गेली. हौसाक्का रडली, चांगली आठवडाभर रडली. पण सणाला समीक्षा येते, आणि उशिरा आली तर अजून बोलणी खाते.

आता तुमच्याकडे वळतो! वरची खोली बंद आहे ना तुमच्या घरी? गाद्यांची चळत आहे? आपल्याच तालुक्यात आज एखादं पोर असंच बाकावर बसून विचारत असेल, पुढं कुठं? कोण नेतंय त्याला घरी? हात वर करा.

मंडळी, मी वर करा म्हणालो. तुम्ही जोडलेत.