घोडीचा ठोका, बैलांचा ठोका

हॅलो? … हां सारिकाताई, बोल. … व्हय, सिग्नल जनरेटरच घेतेय. छोटा, तळहातावर मावणारा. ऑर्डरच देत होते, तेवढ्यात तुझा फोन.

… दाजींनी सांगितलेला? टेबलावरचा? अगं ऐक की… त्यांच्या नवलाख उंबरे गावच्या कंपनीत टेबलापाशी प्लग हाय. आपल्या परंदवडीच्या घाटात, बैलगाडे पळतात तितं, प्लग कुटं हाय? मला बॅटरीवरचाच पायजे.

… मेगाहर्ट्झ कमी? असू दे की. बैल काय मेगाहर्ट्झनं पळतात? दहा सेकंदांच्या अंतरानं विजेचे दोन ठोके सोडले, की मी बनवलेल्या शर्यतीच्या घड्याळानं दहाच दाखवायचे. तेवढं तपासायला हे यंत्र बास झालं.

… व्हय, व्हय… मागच्या यात्रेचं म्हाईत हाय मला. बैलांच्या पुढं घोडी पळती, तीच आधी शेवटच्या रेषेवर लावलेल्या किरणातून गेली आन घड्याळ थांबलं. बैल मागंच. अख्खा घाट हसला. लय लागलं मला, ताई. दोन दिस जेवले न्हाई.

… मग केलं की दुरुस्त. आता पहिल्यांदा किरण तुटला तर घोडी, दुसऱ्यांदा तुटला तर बैल. म्हणून तर दोन वायरींचा जनरेटर बघितला. एकीवर घोडीचा ठोका, दुसरीवर बैलांचा. घरी बसून गाड्यांच्या शंभर बाऱ्या पळवीन.

… बाईमाणूस घाटात कशाला? कोण म्हणतंय असं? … केरबा आबा? यात्रा कमिटीचे? तुझ्याकडं तुंगार्लीला आलेत? … दाजींना घड्याळापाशी बसवायला.

न्हाई. … न्हाई म्हणजे न्हाई, ताई. दोन वर्षं डोळे फोडून मी सोल्डरिंग केलं, आन बसणार दाजी? त्यांना त्यातली एक वायर तरी ठाऊक हाय का? … भांडत न्हाई मी. सांगतेय.

… काय? फोन स्पीकरवर हाय? आबा ऐकतायत? … असू दे. बंद करू नको.

आबा, रामराम. अनिता बोलतेय. ऐकलंत ते बरं झालं. पुढच्या मंगळवारी घाटात या, सगळी कमिटी घेऊन. तुमी सांगाल तेवढ्या सेकंदांचे ठोके सोडते. सेकंदाचा एक पॉइंट जरी चुकला, तर घड्याळ दाजींच्या हातात देईन आन घाटात पाऊल टाकणार न्हाई. … बरोबर निघालं तर मीच बसणार. आन माईकवर दाजींचं नाव लावून ‘निलेशरावांची मेव्हणी’ म्हणायचं न्हाई. अनिता म्हणायचं.

… … आबा उठले, ताई? … काय म्हणाले उठताना?

… किती वाजता यायचं? एवढंच?

… सकाळी सात म्हणावं. ठेव आता, ऑर्डर देते.