चोरलेला पॉइंट

—नाही, तो आकडा नाही. तुझी जन्मतारीख टाकून बघितली, तुझ्या भावाची, परेशची टाकली, बोटीचा नंबर टाकला. रामनाथ तांडेल काय लेकीच्या जन्मतारखेचं कुलूप लावणार? बस त्या स्टुलावर. माझ्याकडे कंपनीचा कोड आहे, उघडतो. आणि रडू नकोस, निशा, काउंटरची काच आत्ताच पुसलीय. बाप गेला, सीझन सुरू झाला, उद्या परेश पहिल्यांदा तांडेल म्हणून बोट काढणार आणि मासे कुठे लागतात ते बापाने पोराला सांगितलंच नाही — सगळे पॉइंट या जीपीएसच्या डब्यात. ते हवेत, नाहीतर बोट विकावी लागेल. कळलं गं. तीनदा सांगितलंस.

सांगितलं नाही यात नवल काय? अख्ख्या वेसाव्यात कुठला तांडेल सांगतो? स्वतःच्या ताटातलं पापलेट उचलून देईल, पण ते कुठे लागलं ते विचार — तोंडात मिठाची गुळणी. आणि समज, सांगितलंच कोणी, तर ऐकणारा विश्वास ठेवत नाही! ही तुम्हा लोकांची खरी गंमत. सांगितलेला पॉइंट खोटा. चोरलेला पॉइंट खरा. रशिया-अमेरिकेचं पण हेच होतं. हसू नकोस — बरं, नाही हसलीस. हा डबा कोणी बनवला सांग? जपान? ते स्टिकर गं. भांडणाने बनवला. मी नेव्हीत सोनारवर होतो, रशियन जहाज, रशियन यंत्र, कानाला हेडफोन लावून पाण्याखाली पाणबुडी कुठे खोकते ते ऐकायचं. एकाने पाणबुडी मुकी केली की दुसऱ्याने कान तिखट करायचे, कान तिखट झाले की पहिल्याने ती आणखी मुकी करायची — चाळीस वर्षं हाच धंदा! त्या कानांचं धाकटं भावंड तुझ्या बापाच्या बोटीखाली बसवलंय, फिश फाइंडर म्हणून. आणि जीपीएस? रशियाने पहिला उपग्रह सोडला, अमेरिकेतली पोरं त्याची बीप-बीप ऐकत बसली आणि त्यातून त्यांना सुचलं की आकाशातल्या आवाजावरून आपण खाली कुठे आहोत ते काढता येतं. वापरलं कशाला? वाट चुकलेल्या म्हाताऱ्यांसाठी? छे. पाणबुडीला आपला पत्ता कळावा, म्हणजे बॉम्ब नेमका पडेल. मग रशियाने आपलं वेगळं काढलं. या डब्यात दोन्ही आहेत, एकमेकांचा गळा धरायला निघालेले दोघं मिळून तुम्हाला सुरमई दाखवतात.

पण खरं कमावलं कोणी? दोघांना माल पुरवणाऱ्याने. मी नेव्ही सोडली तेव्हा हे डोक्यात पक्कं होतं. तुझ्या बाबाला पहिला फाइंडर मीच विकला, दुसऱ्या दिवशी त्याच्याशी चढाओढ करणाऱ्या तांडेलाकडे, नानाकडे गेलो — म्हटलं, नाना, रामनाथला आता तळ दिसतो, तू बस अंदाज करत. नानाने मोठ्या स्क्रीनचा घेतला. मग मी रामनाथकडे. कॉलेजात होतीस ना तेव्हा? तुझी फी भरायची राहिली होती बघ, त्या वर्षी बापाने रंगीत स्क्रीनचा डबा घेतला. मीच गळी उतरवला — असं बघू नकोस, तू शिकून काय दिवे लावणार होतीस?

आणि दुरुस्ती. नानाचा डबा दुरुस्तीला आला की आतले पॉइंट रामनाथला, रामनाथचा आला की नानाला. हो, तुझ्या देवमाणूस बापालाही नानाचे पॉइंट दिले. स्वतः मागायचा, इथे, याच स्टुलावर बसून. नानाला संशय आलाच शेवटी, कोळ्याचा पोर आहे तो. गेल्या वर्षी डबा घेऊन आला, म्हणे स्क्रीन अडकते. स्क्रीन ठणठणीत! आत एक नवा पॉइंट, नाव दिलेलं — घोळ. नुसतं घोळ. ज्या माशावर वर्षाचं भागतं त्याचं नाव कोणी असं उघडं लिहितं का? मी मनात म्हटलं, वा रे नाना, चोरावर मोर. अमेरिका-रशियावाले हेच करायचे, पाण्यात खोटा आवाज सोडायचा, शत्रूचा टॉर्पेडो त्याच्या मागे जातो. तुझ्या बाबाला दिला तर कसला खूश झाला! मला चहा पाजला. आणि तिथे तळाला ते बुडालेलं बार्ज, चार्टवर एवढं ठळक चिन्ह आहे त्याचं, मी झूम करून—

काय? कधी बघितलं म्हणजे? नंतर. नंतरच बघितलं असणार. अपघात झाल्यावर. आधी बघितलं असतं तर — अगं, जास्तीत जास्त काय झालं असतं? जाळं फाटलं असतं. रामनाथ चिडला असता, नानाहून भारी डबा घ्यायला आला असता. एवढाच हिशोब होता, माणूस जाईल असं कोणाच्या मनात होतं? जाळं बार्जला अडकलं, बोट कलली, दोर सोडायचा सोडून हा ओढत बसला — घोळ पाहिजे ना! पायात दोर गुंडाळला तो काय मी?

डोळे पुसलेस? बरं केलंस. मघापासून किती रडत होतीस.

हे बघ, उघडला. कोड चालला. आहेत गं, सगळे आहेत, बापाची अख्खी हयात आहे. आणि हा — हो, हा पण आहे. घोळ. फोन आत ठेव. फोटो कशाला? ठेव म्हणतो ना! डब्यावरून हात काढ, स्क्रीनची काच आहे ती. माझं बोट सोड, निशा, बटणावर आहे ते—

...गेलं. कोरा झाला. जुन्या डब्यांचं असंच असतं, उघडता उघडता रीसेट होतात, कंपनीला लिहिलंय मी कितीदा. आता परेशला म्हणावं, शोध नव्याने, समुद्र कुठे पळून जात नाही. जुना ठेवून नवा नेतेस? हप्त्याने देतो, घरचीच तू. नको? मग उचल तो आणि ऊठ. आणि जाताना दार ओढून घे, एसी चालू आहे.