कमलाबाई आणि पांढुर्ण्याचा बँड

जमलेल्या मायबहिणींनो, भाऊ लोकांनो,

सकाळपासून मी घरात नुसती फिरून राहिले आहे. या खोलीतून त्या खोलीत. एका जागी बसवत नाही. आणि आता इथं उभी राहिले, तर उभंही राहवत नाही. सभेत मी कधी बोलले नाही. आमच्या घरात बोलायचं काम मोठ्या जाऊबाईंचं. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे आणि त्याच नाहीत. मोठे भाऊजी समोर बसले आहेत. बायको गेलेल्या माणसाला बोला म्हणावं तरी कसं? म्हणून मी उभी राहिले. मी सुमन, कमलाबाईंची धाकटी जाऊ.

लोधीखेड्याहून, मोहगावहून माणसं आली. पांढुर्ण्याहून हिरामण मास्तर आणि त्यांचा सगळा बँड आला. मास्तर, तुम्ही मागं भिंतीशी काहून उभे? पुढं या. पुढं बसा.

जाऊबाईंना बँडचं वेड होतं. हे इथं कोणाला माहीत नाही? मी नवी नवरी होते. दोघी चुलीपाशी बसलो होतो. रस्त्यावरून वरात आली आणि यांनी माझा हात धरून मला ओढलंच. "चाल सुमन, लवकर चाल! पांढुर्ण्याचा आहे!" सासूबाई आतून ओरडल्या, "अवो, भाकर जळून राह्यली!" या ओट्यावरून म्हणतात, "जळू द्या. भाकर दुसरी होते. वरात पुढं गेली का गेली!"

त्यांचे बँड ठरलेले होते. नागपूरचा मोठा बँड, सोनेरी पट्ट्यांची डगली, चमकणारी वाद्यं. त्याबद्दल म्हणायच्या, "वाजवते छान, पण घाई करते. जसं का पुढच्या लग्नाची गाडी सुटून राह्यली." लोधीखेड्याचा बँड पाचच माणसांचा. ढोल कधी पुढं, कधी मागं. पण पोरीच्या पाठवणीला त्यांना तोच पाहिजे. "त्याईच्या घरी पोरी आहेत ना, म्हणून तसं वाजते." आणि सगळ्यांच्या वर पांढुर्ण्याचा. का हो, जाऊबाई? तर म्हणे, "मास्तर कॉर्नेट तोंडाला लावते आणि जरासं थांबते. तेवढ्यात सारा रस्ताही थांबते."

बसस्टँडजवळच्या हॉटेलात रेडिओ आला. एकदा त्यावर इंग्रजी बँड लागला, नाचाचा. बाजाराची पिशवी हातात घेऊन या भर रस्त्यात उभ्या. मी म्हटलं, "चला हो, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. मी ऐकून राह्यली."

अशी बाई. घरंदाज घरातली मोठी सून.

मग ते भाषेप्रमाणे राज्यं वाटण्याचं झालं. तुम्हाला काय सांगू? आपला बाजार नागपूर, दवाखाना नागपूर, अर्ध्या सुनांची माहेरं तिकडं. जाऊबाईंचंही माहेर नागपूरचंच. आणि एका सकाळी नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण इकडे नव्या राज्यात राहिलो. राजधानी भोपाळ. इथं कितीक जणांनी भोपाळ पाहिलं होतं? माझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी, त्या दिवशी जेवणाचं ताट परत पाठवलं.

नव्या राज्याचा समारंभ तहसीलच्या मैदानात होता. गावातल्या मंडळींनी ठरवलं की कोणी जायचं नाही. आमच्याच ओसरीवर ठरलं, चहा मीच दिला. पण तहसीलदार साहेबांनी पांढुर्ण्याचा बँड बोलावला. मास्तर हात जोडून मामाजींसमोर आले. "बापू, मी काय करू? नाही वाजवलं तर साहेब, वाजवलं तर तुमी."

मामाजी म्हणाले, "वाजव. पण मग आमच्या मांडवात पाय नको ठेवू."

मास्तरांनी वाजवलं. त्यांच्या मागं दहा घरं जेवत होती, काय करणार होते? मोठे भाऊजी तहसीलमध्ये कारकून, त्यांना जावंच लागलं. जाऊबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. त्या आपणहून गेल्या. डोक्यावरून पदर घेतला आणि आमच्या आळीतली एकटी बाई जाऊन बँडसमोर उभी राहिली.

त्यानंतर काय झालं, ते इथं बसलेल्यांनाच माहीत आहे. मी कोणाला बोल लावत नाही. आमची हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. आणि मास्तरांचा बँड बंद पडला. लग्नसराई आली, पण सुपारी नाही. क्लॅरिनेटवाला नागपूरला गेला, ढोलवाला त्याच्या मागं. दुसऱ्या बँडच्या वराती रस्त्यावरून जायच्या. जाऊबाई उठायच्या, दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. पुन्हा उठायच्या. मी म्हणायची, "बसा ना जरा." म्हणायच्या, "कशी बसू?"

आमच्या नणंदेचं, लीलाचं लग्न ठरलं. मामाजींनी नागपूरचा बँड ठरवला. त्याच आठवड्यात जाऊबाई बाजारातून आल्या, त्या पिशवी हातात घेऊनच मामाजींसमोर उभ्या राहिल्या. मास्तर कॉर्नेट विकायला निघाले, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"मामाजी, तुमचा राग भोपाळवर आहे नं?"

"आहे."

"मग तो मास्तरवर काहून काढून राह्यले?"

मी दारात होते. त्या घरात मामाजींना कोणी असं विचारलं नव्हतं.

मामाजी म्हणाले, "तू त्या दिवशी मैदानात गेली. मले तोंड दाखवायले जागा ठेवली नाही."

"गेली. रडत गेली. नागपूर माह्यं नव्हतं का? पण तिथं जे वाजलं ते सरकारचं नव्हतं, मास्तरचं होतं. नागपूर आपल्या हातातून दुसऱ्याईनं नेलं, मामाजी. हा बँड तं आपणच मारून राह्यलो."

मामाजी उठून बाहेर गेले. पुढं कितीतरी दिवस ते सुनेशी बोलले नाहीत. त्याही नमल्या नाहीत. वाढायच्या, ताट उचलायच्या.

लग्नाच्या दिवशी जाऊबाई लीलाला मुंडावळ्या बांधत होत्या. दुरून कॉर्नेट ऐकू आलं. त्यांचे हात थांबले. माझ्याकडे पाहिलं. "सुमन, हा नागपूरचा नाही." आणि नवरीला तशीच सोडून त्या धावत सुटल्या. मीही धावले. पाहतो तर पांढुर्ण्याचा बँड, आणि त्याच्या पुढं मामाजी चालून राहिले! कोणाला न सांगता ते बसनं पांढुर्ण्याला जाऊन आले होते. नागपूरला गेलेले दोघंही परत आले होते. ओट्याशी आल्यावर मामाजींनी सुनेकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "घे. ऐक."

बापूंनी बोलावलं म्हटल्यावर पुढं सगळ्यांनीच बोलावलं. मास्तरांचा बँड आज आहे, तो असा आहे.

आणि मग जाऊबाईंचा हा ताप. उतरलाच नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, नागपूरला न्यायचं ठरत होतं. मास्तर पाहायला आले. म्हणाले, "बाई, बऱ्या व्हा, मग वाजवतो." तापातही जाऊबाई हसल्या. "मेल्यावर वाजवू नका, मास्तर. मले ऐकू येणार नाही, मग काय उपयोग? वाजवायचं तं आता वाजवा." भर दुपारी आमच्या अंगणात मास्तरांनी एकट्यानं वाजवलं. जाऊबाई माझ्या खांद्याला टेकून उठून बसल्या. मामाजी पायरीवर पाठ करून बसले होते. त्यांची पाठ हलत होती.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई गेल्या.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. रस्त्यावर काही वाजलं की मी उठते, दारापर्यंत जाते. कोणाला हाक मारू?

सभेच्या आधी मास्तरांनी मला विचारलं, "वाजवू का?" नाही, मास्तर. त्यांनी नाही म्हटलं आहे. त्यांच्यापुढं आमचं कोणाचं कधी चाललं नाही, आजही नाही चालणार.

आता सगळे उभे राहा. मामाजी, तुम्ही बसूनच राहा. थोडा वेळ कोणी बोलू नका.

जाऊबाई, नमस्कार करते.