मालकाला फोन लाव

...वाजू दे! वाजू दे, पावणं, बघू नगासा तिकडं! तुम्ही त्या टायरवर बसा निवांत, तुमचं पंक्चर काढतो आधी... सकाळधरनं नुसता वाजतोय मेला! कुणाचा म्हणून काय विचारतासा? मालकासाठी फोन हाय. मालकासाठी! आता ह्या पत्र्याच्या खोक्यात तुम्हाला कोण मालक दिसतोय का सांगा? एक मी रफिक, एक ह्यो कॉम्प्रेसर, आन् एक ही पाण्याची पाटी. तुम्हाला सांगतो, हातकणंगल्याच्या ह्या रस्त्याला जन्म गेला माझा पंक्चर काढण्यात, एक चाक नावावर न्हाय, आन् तरीबी ट्रकमालक म्हणून गावच्या गाव ज्याला शिव्या घालतंय असा अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच असणार!

ह्ये सगळं त्या विजयसिंहामुळं. न्हाय ओळखत? ह्या माळाच्या पलीकडं गाव त्याचं. नाव बघा कसं, विजयसिंह! आन् अंगात बनियन, खाली बर्मुडा, खांद्याला टॉवेल. उमर गेली गड्याची दुसऱ्याचा ट्रक चालवण्यात. आन् माणसाची हौस काय? बंगला? न्हाय. सोनं? न्हाय. त्याला फकस्त म्हाईला घरात असायचं हुतं! गावच्या देवीची म्हाई हो, घरोघरी बकरं, दारात पै-पावणं, पंगतीवर पंगत... आन् ह्यो गडी लगीन झाल्यापास्नं एका म्हाईला घरात न्हाय. कधी नागपूर, कधी हैदराबाद, एकदा तर इकडं गाव मटण खातंय आन् ह्यो चेन्नईच्या अलीकडं इडली चिवडत बसलाता! दरवर्षी सुट्टी मागायचा, आन् त्याचा जुना मालक दरवर्षी नाकातनं एकच बोलायचा, "विजयसिंह, म्हाई काय, दरवर्षीच येती. भाडं रोज येत न्हाय!"

मग घेतलं की मनावर. पतसंस्थेत सह्या करून करून बोटं निळी झाली, पण घेतली गाडी. जुनीच, दहा टायरी. लिंबू-मिरची, हार, पेढं... नारळ फोडला ते माझ्या दुकानाफुडं, आन् पाणी उडालं ते नेमकं माझ्या तोंडावर. तवाच कळाय पायजे हुतं मला! म्हणतोय कसा, "रफिकभाई, आता आपला आपुन मालक. औंदा म्हाईला पाटावर बसणार, स्वप्नालीच्या हातचा तांबडा रस्सा गरम गरम वरपणार, आन् मला ऊठ म्हणणारा कोण मायचा लाल न्हाय!" स्वप्नाली म्हंजे बायको त्याची. ती बी बिचारी हसली तवा तोंडभरून.

पहिल्याच दिवशी एमआयडीसीत माल भराय गेला. गेटवर वॉचमन. "गाडी कुणाची?" "माझी." "ते कळलं रं, मालक कोण?" "मीच की मालक." वॉचमननं ह्याला बर्मुड्यापास्नं टॉवेलपतूर बघितलं. "व्हय? आन् मी कलेक्टर! चल, मालकाला फोन लाव!" आता लावणार कुणाला? सोताला? दोन तास गेटवर उभा, पावणं! आत गेला तर सुपरवायझर तेच, "भाड्याचं तुझ्याशी काय बोलायचं? मालकाला फोन लाव!" नाक्यावर साहेब तेच, "कागदं ऱ्हाऊ दे, मालकाला फोन लाव!" अरं, जगात कुणाला पटंनाच की ड्रायव्हरच्या शीटवर बसलेला माणूस मालक बी असू शकतोय म्हणून!

मग काय केलं असंल ह्या बेण्यानं? दुसऱ्या खेपंला पांढरी कापडं! कडक इस्त्री, खिशाला पेन, कपाळाला गंध. वॉचमन उठून उभा. "या मालक, या! च्या सांगू का?" गडी फुगला. लगीच वॉचमन इकडं तिकडं बघत म्हणतोय, "मालक, ड्रायव्हर कुठाय तुमचा? त्याला सांगा की गाडी मागं घ्याला!" झालं! पेन सांभाळत चढला वर, गाडी मागं घेतली, उतरला, ताडपत्री सोडली, दोर वढलं... परत आला तवा त्या पांढऱ्या कापडाकडं बघून सदफ, आमची मंडळी, म्हणाली, "ह्यो कोण, गॅरेजातनं पळून आलाय काय?"

आन् ह्ये बरं म्हणायची पाळी आली फुडं. कारण सगळ्या दुनियेनं न्हाय म्हटलं तरी एक जागा हुती जिथं त्याला मालक म्हणून लगीच मानलं. भावकी! त्याचा चुलता आण्णा. "विजू, आता काय, घरचीच गाडी हाय!" घरची गाडी म्हणून लग्नाची भांडी, घरची गाडी म्हणून शेणखत, घरची गाडी म्हणून भजनी मंडळ नरसोबाच्या वाडीला, टाळ-पखवाजासकट! "डिझेल टाकतो की रं." कोण टाकतोय? टाळ टाकून गेले हौद्यात, डिझेल न्हाय. पैलं कसं, आण्णानं हाक मारली की "मालक सोडत न्हाय ओ" म्हटलं की सुटला. आता कुणाच्या नावानं सुटणार? ज्याला न्हाय म्हणता येत न्हाय त्यानं मालक व्हऊ नये, ह्ये मी त्याला तवाच म्हटलंवतं.

तर एक दिवस असंच, हितंच, तुम्ही बसलाय तिथं आण्णा बसलेला. उसाच्या वाड्याचा भारा न्ह्याचा हुता म्हशीला. ह्याची गाडी भरलेली, सकाळच्या पारी हुबळीत पोचायची. आण्णा उठंना. आन् विजयसिंहाच्या तोंडातनं निघून गेलं, "आण्णा, खरं सांगू? गाडी माझी न्हाय. नुसतं नाव माझं. मालक दुसरंच हाईत." पावणं, कमाल बघा! ह्यो घसा फोडून महिनाभर सांगतोय मी मालक, मी मालक, कुणाला पटंना. आन् मालक न्हाय म्हटल्याबरोबर आण्णा मांडीवर थाप मारून म्हणतोय, "तरीच! मी म्हणतच हुतो, तुझ्याच्यानं कुठलं व्हतंय! बरं, मालकाला फोन लाव, मी बोलतो."

विजयसिंहानं माझ्याकडं बघितलं... तोंड बकऱ्यावानी. लावला फोन. वाजला माझ्या खिशात! मी पळालो धडधडत्या कॉम्प्रेसरच्या मागं, नाक दाबलं, आन् या अल्ला, कुठनं आवाज आला माझा मला ठावं न्हाय, "कोण ए? गाडी काय तुझ्या म्हशीला फिरवायला घेतल्या व्हय मी? आत्ताच्या आत्ता हलव!" आण्णा उभा ऱ्हायला. फोनला नमस्कार केला. "व्हय मालक. चुकलं मालक." आन् गेला की चालत!

तिथनं जी सवय लागली! वॉचमन म्हणला फोन लाव, लाव रफिकला. सुपरवायझर भाडं पाडाय लागला, लाव रफिकला. मी बी रंगलो, खोटं कशाला सांगू. "न्हाय परवडत! रिकामी आण गाडी माघारी!" की समोरचा सरळ. विजयसिंह हात जोडून मागायचा ते भाडं मिळायचं न्हाय, आन् मी नाकातनं वराडलो की मिळायचं. पण माझं जेवण न्हाय, आंघोळ न्हाय! डोक्याला साबण लावलेला, भाईर सदफ वराडतीय, "शेठ, तुमच्या गाड्या कुठवर आल्यात?"

आन् गावात नाव काय माझं! "काय राक्षस मालक गावलाय विजूला." विजूला ताक देत्यात, विजूला कणसं देत्यात. आन् आण्णा हितं माझ्याकडं येऊन, माझाच च्या पीत, मलाच सांगतोय, "रफिक, त्या मालकाचं दहाच्या दहा टायर फुटू देत!" मी म्हटलं, "फुटू देत आण्णा, फुटलं तर माझ्याकडंच येत्यात." दुसरं काय बोलू?

आली म्हाई. गड्यानं दोन महिनं आधीपास्नं तारीख मोकळी ठेवलेली. आदल्या दिवशी हैदराबादचं भाडं आलं. चांगलं भाडं, फुडचा हप्ता सुटणारं, आन् न्हाय म्हटलं तर ती पार्टी परत बोलवणार न्हाय. कुणी बळ केलं न्हाय, पावणं. कुणीसुदिक न्हाय. मी म्हटलं, "विज्या, तू मालक हायस रं, जाऊ नगंस!" स्टेअरिंगवर हात ठेवून उगच बसला. मग चावी फिरवली.

मी गेलतो जेवायला. बकरं कापायला आमचाच चुलता जातोय तिथं दरवर्षी, मानच हाय आमचा. पंगत बसली. एक पाट रिकामा. स्वप्नाली वाढत हुती, त्या पाटाफुडं आली की वाकडी होऊन फुडं जायाची. आण्णाला कढ आला. "काय ह्यो अन्याय! पोरगं म्हाईला घरात न्हाय! सुनबाई, त्या मालकाला फोन लाव! मी पायाबी पडतो त्याच्या!" सगळी पंगत म्हणाय लागली, लाव, लाव. माझ्या तोंडात नळीचं हाडूक, हात रश्श्यात, आन् फोन खिशात! स्वप्नालीनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. आन् लावला फोन, स्पीकरवर. मी डोळं मिटलं... पण माझा फोन वाजलाच न्हाय.

तिनं नवऱ्यालाच लावलावता.

आण्णा म्हणतोय, "मालक, हात जोडतो, आमच्या विजूला सोडा, म्हाई हाय!" तिकडनं इंजिनाचा आवाज. मग तोंडावर टॉवेल धरून बोलल्यावानी, नाकातनं आलं, "म्हाई काय, दरवर्षीच येती. भाडं रोज येत न्हाय." फोन बंद. आण्णानं घातल्या ना शिव्या, पंगतीत बायकापोरं हाईत ह्येबी बघितलं न्हाय! आन् स्वप्नाली, हातात रश्श्याची वाटी, डोळं भरल्यालं, म्हणाली, "आण्णा, माणूस वाईट न्हाय ओ. मालक वाईट हाय." त्या रश्श्याची, पावणं, मला चव न्हाय कळाली.

परतून आल्यावर मी झाडला त्याला. म्हटलं, एवढं मरमर करून मिळीवलंस काय? तर टायरवर बसून, तुमच्यासारखाच, म्हणतोय कसा, "रफिकभाई, पैलं सुट्टी मिळाली न्हाय की रस्ताभर मालकाला शिव्या घालायचो. बरं वाटायचं. आता कुणाला घालू?"

...बघा, परत वाजाय लागला. तोच हाय. औंदाच्या म्हाईचं बी भाडं आलं म्हणं कालच, रायपूरचं. घ्या तुमची गाडी, हवा भरल्या. पैसं द्या सावकाश, आधी ह्याला घेतो...

हॅलो. व्हय, मालकच बोलतोय. ...घाल शिव्या.